‘आवारा’ : न्यायाधीशाची उलटतपासणी आणि जग्गाचा न चाललेला खटला

धागाकर्ता : तळटीप

राज कपूर यांचा ‘आवारा’ १४ डिसेंबर १९५१ रोजी प्रदर्शित झाला. आज या चित्रपटाचा विषय निघाला की गप्पा ठरावीक वाटांनी जातात : शीर्षकगीत, रशियातली लोकप्रियता, राज-नर्गिस ही जोडी आणि ढगांतले ते स्वप्न. या चारही गोष्टींवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यांतील एकही खोटी नाही. परंतु हा चित्रपट मुळात एका फौजदारी खटल्याच्या चौकटीत बसवलेला आहे, आणि त्या खटल्यात आरोपीपेक्षा न्यायाधीशाचीच तपासणी अधिक कठोरपणे होते, याकडे पुरेसे लक्ष जात नाही असे मला वाटते. म्हणून हा धागा.

चित्रपट उघडतो तो न्यायालयात. न्यायाधीश रघुनाथ (पृथ्वीराज कपूर) यांच्यावर प्राणघातक हल्ला केल्याचा आरोप असलेला राज (राज कपूर) पिंजऱ्यात उभा आहे आणि त्याच्या बाजूने कोणी वकील नाही. अशा वेळी रीटा (नर्गिस) पुढे येते. ती रघुनाथच्याच घरात, त्याच्याच छत्राखाली वाढलेली, नुकतीच वकिली करू लागलेली तरुणी आहे. ती फिर्यादीला, म्हणजे आपल्या पालकालाच, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करते आणि त्याच्या गतायुष्याविषयी प्रश्न विचारू लागते. पुढचा बहुतांश चित्रपट त्या प्रश्नांच्या उत्तरादाखल आपल्याला दिसतो. ही चौकट ख्वाजा अहमद अब्बास आणि व्ही. पी. साठे या कथाकारांनी फार विचारपूर्वक निवडलेली आहे. गुन्ह्याची गोष्ट सरळ क्रमाने सांगितली असती, तर प्रेक्षकाने ‘मुलगा बिघडला कसा’ एवढेच पाहिले असते. उलटतपासणीच्या मार्गाने सांगितल्यामुळे ‘मुलाला बिघडवले कोणी’ हा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांतच मांडला जातो आणि शेवटपर्यंत हटत नाही.

रघुनाथचा एक सिद्धान्त आहे. सज्जनाच्या पोटी सज्जन जन्मतो आणि चोराच्या पोटी चोर, असे तो मानतो, आणि केवळ मानून थांबत नाही, तर त्यावर शिक्षाही देतो. जग्गा (के. एन. सिंग) याला त्याने बलात्काराच्या आरोपाखाली दोषी ठरवले आहे. पुरावा लंगडा होता, पण जग्गाचा बाप गुन्हेगार होता आणि रघुनाथला तेवढे पुरे झाले. तुरुंगातून निसटलेला जग्गा सूड म्हणून रघुनाथच्या पत्नीला, लीलेला (लीला चिटणीस) पळवून नेतो. ती गर्भवती आहे हे कळताच तो तिला चार दिवसांनी सोडून देतो, कारण याहून मोठा सूड त्याला सुचलेला असतो : न्यायाधीशाच्या रक्ताचा मुलगा चोर करून दाखवायचा. सिद्धान्त मांडणारा रघुनाथ असला, तरी त्याचा प्रयोग करून पाहणारा जग्गा आहे.

रघुनाथ हा प्रतिगामी मनुष्य म्हणून रंगवलेला नाही, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. त्याने घरच्यांचा विरोध पत्करून एका विधवेशी लग्न केले आहे. १९५१ च्या प्रेक्षकासाठी ही सुधारकाची ठळक खूण होती. तोच सुधारक चार दिवसांच्या संशयापुढे कोलमडतो आणि गर्भवती पत्नीला वादळी रात्री घराबाहेर काढतो. त्या प्रसंगी रस्त्यावरचे गायक जनककन्येच्या त्यागाचे गाणे गातात (आवाज मोहम्मद रफींचा). न्यायाधीशाचे नाव रघुनाथ असणे हा योगायोग नव्हे हे त्या क्षणी अगदी भोळ्या प्रेक्षकालाही उमगते. रामकथेतील सर्वांत अडचणीची जागा लोकप्रिय चित्रपटात इतक्या उघडपणे आणून ठेवणे आणि तिच्यातील राजाला पुढे साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करणे हे धाडस त्या काळी सोपे नव्हते.

मेलोड्रामाविषयी आपल्याकडे एक ठराविक नाराजी असते की, त्यात योगायोग फार असतात. ‘आवारा’त ते खरोखरच फार आहेत. राज ज्या गृहस्थाचा कंठा चोरतो तो रघुनाथ निघतो. तोच कंठा राज रीटाला वाढदिवसाची भेट म्हणून देतो, आणि रघुनाथच्या हातात रिकामी डबी उरते. लीला अखेरीस रघुनाथच्याच गाडीखाली सापडते. जग्गाच्या खुनाचा खटला रघुनाथच्याच पुढे उभा राहतो. वास्तववादाच्या कसोटीवर यातले काहीच टिकणार नाही. पण हे योगायोग एकाच दिशेने काम करतात. रघुनाथने ज्याला ज्याला आपल्या दारातून बाहेर काढले, तो तो माणूस फिरून त्याच्याच दारात, त्याच्याच न्यायालयात, त्याच्याच गाडीसमोर येऊन उभा राहतो. शहरातील श्रीमंत वस्ती आणि झोपडपट्टी यांचा परस्परांशी काही संबंध नाही, ही सुखवस्तू माणसाची सोयीची समजूत असते. योगायोगांची ही साखळी ती समजूत एकेक कडी जोडत मोडून काढते. रिकाम्या डबीचा प्रसंग तर माझ्या मते संवादांच्या भरवशावर न राहता सामाजिक अन्याय दाखवणारा हिंदी चित्रपटातील एक अत्यंत नेमका प्रसंग आहे.

दृश्यबाजूविषयीही थोडे लिहितो. छायाचित्रण राधू कर्मकार यांचे. येथून पुढे ते राज कपूर यांचे कायमचे छायालेखक झाले. कलादिग्दर्शन म. रा. आचरेकर यांचे. जे. जे. स्कूलच्या परंपरेतला हा चित्रकार. मानवाकृतीच्या अभ्यासावरील त्यांची ‘रूपदर्शिनी’ मराठी कलाविद्यार्थ्यांना माहीत असतेच. रघुनाथच्या घरातील उंच जिना, खांब, आणि माणसाहून मोठ्या पडणाऱ्या सावल्या पाहिल्या की हे घर राहण्यासाठी नसून निकाल देण्यासाठी बांधले आहे असे वाटते. उलट राज आणि लीला यांची खोली इतकी ठेंगणी आहे की, तीत उभा राहिलेला माणूस नेहमी वाकलेला भासतो. स्वप्नदृश्य सुमारे नऊ मिनिटांचे असून ते चित्रित व्हायला तीन महिने लागल्याचे सांगितले जाते. त्यात ज्वाळांनी भरलेला नरक आहे, ढगांतून वर जाणारा गोल जिना आहे, अजस्र मूर्ती आहेत, आणि अखेरीस सुरा घेऊन उभा राहणारा जग्गा आहे. या दृश्याला ‘भव्य’ म्हणून मोकळे होण्याचा प्रघात आहे. मला त्यातील भीती अधिक महत्त्वाची वाटते. राजला वर चढायचे आहे, पण त्याच्या स्वर्गाच्या दारातही जग्गाच उभा आहे.

आता माझी तक्रार, आणि खरे तर या धाग्याचे प्रयोजन. चित्रपट राजला न्याय देतो, निदान ऐकून तरी घेतो. शेवटी राज स्वतःसाठी दया मागत नाही, तर गटारांच्या काठी वाढणाऱ्या इतर मुलांचा विचार करा असे सांगतो, आणि तीन वर्षांची शिक्षा पत्करतो. रघुनाथलाही पश्चात्तापाची संधी मिळते. परंतु या सगळ्या कथेतील पहिला अन्याय झाला तो जग्गावर. न केलेल्या गुन्ह्यासाठी, केवळ बापाच्या नावावरून, त्याला शिक्षा झाली आणि त्यानंतर तो खरा गुन्हेगार झाला. चित्रपटाचे प्रतिपादन सिद्ध करणारा सर्वांत स्वच्छ पुरावा तोच आहे. तरीही त्याच्या वाट्याला येतो तो खलनायकाचा मृत्यू. त्याच्या बाजूने कोणी रीटा उभी राहत नाही. हा चित्रपटाचा दोष मानावा, की त्या काळाच्या प्रेक्षकाची मर्यादा? आपली मते वाचायला आवडतील.

जुनी तबकडी

लेख आवडला. जग्गाविषयी सवडीने विचार करून लिहीन, पण संगीताला आपण जवळजवळ वगळले आहे, ते भरून काढण्याची परवानगी घेतो. या चित्रपटात गाणी कथेच्या विसाव्यासाठी येत नाहीत, हे आपल्या मुद्द्याच्या बाजूनेच जाणारे आहे.

शीर्षकगीत पाहा. शैलेंद्र हे रेल्वेच्या कारखान्यात नोकरी केलेले, इप्टाच्या (भारतीय जननाट्य संघाच्या) चळवळीत कविता म्हणणारे कवी. शंकर-जयकिशन यांनी त्यांच्या शब्दांना भैरवीचे सूर दिले आणि मुकेश यांच्याकडून ते असे गाऊन घेतले की, घरदार नसल्याची कैफियत चालता चालता मारलेल्या शिट्टीसारखी वाटावी. पडद्यावर त्या वेळी राज हसतखेळत लोकांचे खिसे कापतो आहे. करुण शब्द, प्रसन्न चाल आणि गुन्हा करणारे हात या तीन गोष्टी एकाच वेळी चालू असतात, आणि प्रेक्षक चोराच्या बाजूला कधी जाऊन बसला हे त्याचे त्यालाही कळत नाही. वकिलाला तासभर युक्तिवाद करून जे साधणार नाही ते हे गाणे काही मिनिटांत साधते.

स्वप्नदृश्यात तीन वेगळ्या वृत्तींची गाणी एकमेकांत मिसळली आहेत. लता मंगेशकर आणि मन्ना डे यांच्या आवाजातील विरहाची आर्त हाक, मग नरकातला समूहस्वर आणि मन्ना डे यांनी त्यातून मागितलेला वसंत, आणि शेवटी ‘घर आया मेरा परदेसी’. या शेवटच्या गाण्याच्या चालीचे गायिका उम कुलसुम यांच्या १९३६ च्या ‘विदाद’ या इजिप्शियन चित्रपटातील एका गाण्याशी असलेले साम्य जाणकारांनी पूर्वीच दाखवले आहे. पण त्या चालीला जी उठावणी मिळाली आहे ती डेव्हिड यांच्या मॅन्डोलिनमुळे आणि लालाभाऊ गंगावणे यांच्या ढोलकामुळे. लालाभाऊंचा हात तमाशाच्या ढोलकीवर तयार झालेला होता. कैरोहून आलेली चाल, तमाशाच्या फडात घडलेला ठेका आणि मंगेशकरांच्या घरातला गळा हे सारे चेंबूरच्या स्टुडिओतील ढगांत एकत्र आले, याचा मराठी माणसाला थोडा अभिमान वाटला तर त्यात काही गैर नाही.

कोर्टकचेरी

वकिली व्यवसायात असल्यामुळे हा चित्रपट मी नेहमी दातओठ खात पाहतो, आणि तरीही पुनःपुन्हा पाहतो. साक्षीदाराच्या घरात राहणारी वकील, आरोपीच्या कुटुंबाशी असा संबंध असलेला न्यायाधीश, आणि उलटतपासणीत विचारलेले ते प्रश्न, ज्यांना कोणताही सरकारी वकील दर दोन वाक्यांनी हरकत घेईल. हे सारे मेलोड्रामाच्या नावावर सोडून देऊ. आईवर चालून आलेल्या जग्गाला राजने प्रतिकार केला आणि त्यात जग्गा मेला, तर भारतीय दंड संहितेतील आत्मसंरक्षणाच्या हक्काची कलमे (९६ ते १०६) बचावासाठी पुरेशी होती. त्याविषयी त्या खटल्यात फारसा खल होत नाही. शेवटची तीन वर्षांची शिक्षा मात्र कायद्याला धरून आहे, कारण खुनाच्या प्रयत्नासाठी कलम ३०७ खाली दहा वर्षांपर्यंत कारावास देता येत असे.

पण एका मुद्द्यावर मला चित्रपटाची पाठराखण करायची आहे. रघुनाथने जग्गाला बापाच्या नावावरून दोषी ठरवले, हे अतिशयोक्त आहे असे अनेकांना वाटते. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे कलम ५४ सांगत होते की, आरोपी स्वतः आपल्या चांगल्या वर्तनाचा पुरावा देत नाही तोवर फौजदारी खटल्यात त्याची वाईट चालचलणूक ही गोष्टच गैरलागू आहे. आरोपीच्या स्वतःच्या दुर्लौकिकालाही जेथे जागा नाही, तेथे त्याच्या बापाच्या दुर्लौकिकाला कोठून असणार? म्हणजे रघुनाथचा निकाल त्याच्याच कायद्याच्या विरुद्ध होता. गंमत अशी की, त्याच ब्रिटिश सरकारने त्याच्या आदल्याच वर्षी, १८७१ साली, गुन्हेगार जमाती कायदा केलेला होता, आणि त्यात जन्म हाच पुरावा मानला होता. एका हाताने जे नाकारले तेच दुसऱ्या हाताने दिले. रघुनाथ हा पहिल्या कायद्याच्या खुर्चीत बसून दुसऱ्या कायद्याने निकाल देणारा न्यायाधीश आहे, आणि अशी माणसे त्या खुर्चीत अपवादाने बसत नव्हती.

सोलापूरकर

कोर्टकचेरी यांनी विषय काढलाच आहे, म्हणून लिहितो. ‘आवारा’ची चर्चा करताना महाराष्ट्रात तरी गुन्हेगार जमाती कायद्याचा उल्लेख टाळता येऊ नये. आमच्या सोलापुरात या जमातींसाठी ‘सेटलमेंट’ होती. काटेरी तारेचे कुंपण, ठरलेल्या वेळी हजेरी, बाहेर जायचे तर परवाना, आणि कुंपणाच्या आत जन्मलेल्या मुलाच्या नावापुढेही जन्मतःच संशय. मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ साली रद्द झाला. देशभरासाठी तो रद्द होऊन या जमाती अधिकृतपणे ‘विमुक्त’ झाल्या त्या ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. ‘आवारा’ डिसेंबर १९५१ चा. म्हणजे देशाच्या अनेक भागांत रघुनाथचे मत ऐकून प्रेक्षक चित्रपटगृहात संतापत होता, तेव्हा बाहेर त्या मताला कायद्याचाच आधार होता. आमच्या भागातील जुनी माणसे आजही ३१ ऑगस्ट हाच आपला स्वातंत्र्यदिन मानतात.

आणि तो आधार पुरता गेला असेही नाही. १९५९ साली मुंबई राज्याने सवयीच्या गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केला. जमातीऐवजी व्यक्तीचे नाव नोंदवायचे एवढाच काय तो फरक, पण नोंदवहीत नावे कोणाची चढली हे सांगायला नको. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ साली आले. पोलिसांनी घरात शिरून माणसे उचलून नेण्याचे त्यातले प्रसंग ज्यांनी वाचले आहेत, त्यांना जग्गा हा कल्पनेतला खलनायक वाटणार नाही. मूळ लेखकाच्या प्रश्नाला माझे उत्तर असे : चित्रपटाने जग्गाला बोलू दिले नाही, कारण १९५१ साली जग्गाच्या बाजूचे लिहिणारा त्याच्या स्वतःच्या वस्तीतून अजून यायचा होता.

रानवेल

सर्व प्रतिसाद वाचले. पुरुषांवरील अन्यायाची चर्चा उत्तम चालली आहे, म्हणून थोडे अडथळा आणणारे लिहिते. जग्गावर खोटा का होईना, खटला तरी चालला. लीलेवर तोही नाही. तिला घराबाहेर काढताना रघुनाथने कोणता पुरावा तपासला? कोणाची साक्ष घेतली? जाऊबाईंच्या (लीला मिश्रा) टोमण्यांची आणि नातेवाइकांच्या कुजबुजीची. आणि ती पुढे आयुष्यभर मुलापासून बापाचे नाव लपवते, जणू लाज तिचीच आहे. जग्गाच्या मृत्यूनंतर ती मुलाच्या बाजूने उभी राहू पाहते, तर गाडीखाली येते. ज्या एका साक्षीने सगळे प्रकरण उलटले असते, ती साक्ष कोणत्याच न्यायालयात पूर्णपणे नोंदली जात नाही.

लीला चिटणीस यांच्याविषयी येथे लिहायलाच हवे. जन्म धारवाडचा, मराठी घर, पदवीधर, ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेच्या रंगभूमीवरून आलेल्या. ‘कंगन’, ‘बंधन’, ‘झूला’ या बॉम्बे टॉकीजच्या चित्रपटांत अशोककुमार यांच्या नायिका म्हणून त्यांनी जी लोकप्रियता मिळवली, तिच्यामुळे १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेल्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री ठरल्या. त्यानंतर दहाच वर्षांनी त्या राज कपूर यांची आई झाल्या. त्यांचा जन्म १९०९ चा, म्हणजे तेव्हा त्या चाळिशीच्या जेमतेम पुढे होत्या. पृथ्वीराज त्यांच्याहून वयाने थोडेच मोठे, पण त्यांना न्यायाधीशाची खुर्ची आणि यांना खोकला, शिवणकाम आणि अश्रू. चित्रपट बाहेरच्या जगातील अन्यायावर बोलत असताना त्याच्या पात्रवाटपात काय चालले होते, हेही पाहावे. तरीही त्यांनी या भूमिकेत लाचारी येऊ दिली नाही. मुलाने चोरी केली हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो राग येतो, तो मला पृथ्वीराज यांच्या भारदस्त आवाजापेक्षा अधिक न्यायाधीशाचा वाटतो.

दुसरी गोष्ट समुद्रकिनाऱ्यावरच्या प्रसंगाची. रीटा गमतीने त्याला रानटी म्हणते, राज तिला थपडा मारतो, आणि ती सुशिक्षित वकील मुलगी त्याच्या पायाशी बसते. काही समीक्षक याला राजच्या मनातील वर्गीय जखमेचा उद्रेक म्हणतात. ते खरे असेल; पण तो उद्रेक सोसायचा कोणी हे चित्रपटाने आधीच ठरवून ठेवले आहे. जन्मावरून माणसाचा निकाल लावू नये असे सांगणारा चित्रपट स्त्रीच्या बाबतीत निकाल लावून मोकळा झालेला आहे, एवढेच मला म्हणायचे आहे. चित्रपट मला आवडतो. म्हणूनच ही नोंद.

शंकेखोर

एक मूलभूत शंका. राज हा शेवटी न्यायाधीशाचाच मुलगा आहे ना? तो झोपडपट्टीत वाढला, चोर झाला, पण मनाने निर्मळ राहिला, सुशिक्षित मुलीच्या प्रेमाला पात्र ठरला आणि अखेरीस सुधारला. मग ‘सज्जनाच्या पोटी सज्जन’ हेच सिद्ध झाले नाही का? चोराच्या मुलाला सज्जन करून दाखवले असते, तर सिद्धान्त खरोखर मोडला असता. कर्णाची गोष्ट ऐकताना आपल्याला जे समाधान वाटते, की हा मूळचा राजपुत्रच, तेच समाधान ‘आवारा’ देतो.

तळटीप

सर्वांचे आभार. शंकेखोर यांची शंका मला सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून आधी तिच्याकडे वळतो.

कथेचे गणित असे आहे की, न्यायाधीशाच्या मुलाला चोर करून दाखवण्याने सिद्धान्ताचा अर्धा भाग मोडतो. दुसरा अर्धा, म्हणजे चोराचा मुलगा चोरच होतो, हा मोडण्यासाठी दुसरा पुरावा लागतो, आणि तो चित्रपटात अगदी सुरुवातीलाच ठेवलेला आहे : निर्दोष असताना शिक्षा झालेला जग्गा. दोन्ही अर्धे एकत्र वाचले तरच प्रतिपादन पुरे होते. पण चित्रपट पहिल्या अर्ध्यावर तीन तास खर्च करतो आणि दुसऱ्या अर्ध्यावर काही वाक्ये. त्यामुळे आपल्याला कर्णकथेचे समाधान मिळते हे मान्य करावे लागते. मला वाटते अब्बास आणि साठे यांना हे कळत होते; प्रेक्षकाला मात्र रडण्यासाठी आपल्या वर्गातलाच, निदान आपल्या रक्ताचा मुलगा लागतो, हेही त्यांना कळत होते. खुद्द पात्रयोजनेतही रक्ताचेच नाते वापरले गेले. ही कथा आधी मेहबूब खान करणार होते आणि त्यांच्या मनात अशोककुमार व दिलीपकुमार होते. अब्बास यांचा आग्रह खऱ्या बापलेकांचाच होता, आणि त्यावरून ते जमले नाही. मग पृथ्वीराज बाप, राज मुलगा, बालपणीचा राज शशी कपूर, आणि न्यायासनावर पृथ्वीराज यांचे वडील दिवाण बशेश्वरनाथ. रक्त महत्त्वाचे नाही असे सांगणारा चित्रपट एकाच घरातल्या चार पुरुषांनी उभा केला आहे.

रानवेल, आपली नोंद मनापासून पटली. किनाऱ्यावरचा प्रसंग माझ्या लेखात यायला हवा होता की नको यापेक्षा, लीलेची साक्ष कोठेच नोंदली गेली नाही हा आपला मुद्दा माझ्या जग्गाविषयीच्या मुद्द्याला जाऊन मिळतो, हे अधिक महत्त्वाचे.

परमुलुख

परदेशातील लोकप्रियतेचा उल्लेख धागाकर्त्यांनी पहिल्याच परिच्छेदात बाजूला ठेवला, पण तो या चर्चेशी संबंधित आहे. सोव्हिएत संघात हा चित्रपट १९५४ साली भारतीय चित्रपटांच्या महोत्सवात गेला आणि तेथे त्याची सहा कोटींहून अधिक तिकिटे विकली गेली. तुर्कस्तानात १९६४ साली त्यावर बेतलेला चित्रपट निघाला. त्याची कारणे सांगताना गाणी आणि राज कपूर यांचा चॅप्लिनसारखा वेश यांवर सगळा भर दिला जातो.

चीनचे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. तेथे तो पन्नासच्या दशकात दाखवला गेला, आणि सांस्कृतिक क्रांती संपल्यावर, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, पुन्हा आला. मधल्या काळात त्या देशात माणसाची पारख त्याच्या बापाच्या वर्गावरून होत होती. बाप क्रांतिवीर असेल तर मुलगा वीर आणि बाप प्रतिगामी असेल तर मुलगा नालायक, अशा अर्थाची घोषणा १९६६ साली ‘रेड गार्ड’ तरुणांच्या तोंडी होती. जमीनदाराच्या किंवा ‘उजव्या’ ठरलेल्या माणसाच्या मुलांना शिक्षण आणि नोकरी नाकारली गेली होती. अशा प्रेक्षकाने रघुनाथचे ते वाक्य पडद्यावर ऐकले असेल, तेव्हा त्याला भाषांतराची गरज कितीशी वाटली असेल? चिनी दिग्दर्शक जिया झांगके यांच्या २००० सालच्या ‘प्लॅटफॉर्म’ या चित्रपटामध्ये एका छोट्या शहरातील तरुण चित्रपटगृहात ‘आवारा’ पाहताना दिसतात. भारतात जातीविषयी आणि जमातीविषयी जे म्हणायचे होते ते तेथे वर्गाविषयी ऐकले गेले.

सोलापूरकर

परमुलुख यांचा प्रतिसाद वाचून एक जाणवले. चित्रपटात जात हा विषय नाव घेऊन कोठेच येत नाही. जग्गा ‘डाकूचा मुलगा’ आहे, कोणत्या जमातीचा हे सांगितलेले नाही. यामुळे तो चीनमध्ये आणि रशियात सहज पोहोचला असेल, पण आमच्याकडे तेवढ्यामुळेच प्रेक्षकाला स्वतःच्या गावातल्या कुंपणाची आठवण न होता घरी जाता आले. मोघमपणाचा हा फायदा कोणाला झाला हे प्रत्येकाने ठरवावे.

कोर्टकचेरी

मोघमपणाविषयी सहमत. धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाला मात्र अजून एक बाजू आहे असे मला वाटते, आणि ती निव्वळ वकिलाची आहे.

रीटाला न्यायालयात सिद्ध काय करायचे आहे? रघुनाथच्या एका चुकीच्या निकालामुळे पुढची सगळी गुन्ह्यांची मालिका सुरू झाली, हे. त्यासाठी तिला त्या निकालाचा बळी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात हवा. जुन्या खटल्यात आपल्यावर काय झाले, लीलेला का पळवले, तिला चार दिवसांनी स्पर्श न करता का सोडले, आणि एका मुलाला ठरवून चोर कसे केले, हे सांगू शकणारा माणूस एकच होता. लीलेच्या निर्दोषत्वाचाही तोच साक्षीदार होता. रानवेल यांना हवी असलेली साक्षसुद्धा त्याच्याचकडून वदवून घेता आली असती. तो माणूस रीटाच्या अशिलाच्या हातून मेलेला आहे. म्हणून तिला सारा भार रघुनाथच्या कबुलीवर टाकावा लागतो, आणि रघुनाथ कबूल करतो तेही तुरुंगाच्या गजांशी जाऊन, जेथे कोणी लघुलेखक ते उतरवून घेत नाही. जग्गाला झालेली जुनी शिक्षा चित्रपट संपतो तेव्हाही कागदोपत्री कायम आहे.